स्टेशनजवळचा प्लॉट

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. फराळाचा घाट घातला होता, चकलीचं पीठ मळून ठेवलं होतं, आणि आमच्या बचत गटातली एक मैत्रीण दारात उभी. चेहरा अगदी खुललेला. हातात गुळगुळीत कागदाचं एक पत्रक. त्यावर एका बाजूला झुकझुक गाडी, दुसऱ्या बाजूला मोठ्ठी कमान, कमानीच्या आत नारळाची झाडं आणि सायकल खेळणारी मुलं.

"ताई, स्टेशनजवळ प्लॉट निघालेत. हजार रुपये भरून बुकिंग. बाकीचे हप्त्यानं. मी म्हनते, गटाकडून कर्ज काढावं अन् राहिलेल्याला गळ्यातलं मोडावं. आता रेल्वे आली, पुढं भाव गगनाला भिडतील."

मी पत्रक हातात घेतलं. आतल्या खोलीत आई वाती वळत बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "कशाचा कागद गं?"

"प्लॉटचा आहे आई. स्टेशनजवळचा."

आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "तिला म्हणावं, बस. चहा घे. मग सांगते."

आईनं तिला जे सांगितलं आणि त्यानंतर आम्ही जे केलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण मैत्रिणींनो, अशी पत्रकं आता गावोगावी फिरतात. कुठं रेल्वेच्या नावानं, कुठं महामार्गाच्या, तर कुठं येऊ घातलेल्या कारखान्याच्या नावानं.

माझं माहेर आष्टी तालुक्यातलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. आमच्या लहानपणी रेल्वे म्हणजे परळी वैजनाथला जाऊन बघायची चीज. बीड जिल्ह्यात रेल्वेचा रूळ होता तो फक्त पूर्वेच्या टोकाला, परळी आणि घाटनांदूरकडे, तोही निजामाच्या काळातला. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असलेल्या बीडला रेल्वे नव्हतीच. आमच्या घरात न होणाऱ्या कामाला एक ठरलेलं उत्तर असायचं, "बीडला रेल्वे आली की करू." आईनं नवी साडी मागितली तरी वडील हेच म्हणायचे आणि दोघंही हसायचे.

आणि १९९५ मध्ये अहमदनगर–बीड–परळी रेल्वेमार्ग मंजूर झाला. २६१ किलोमीटरचा मार्ग, खर्च साडेतीनशे कोटींच्या आसपास. माझं तेव्हा दहावीचं वर्ष जवळ आलं होतं. शाळेत पेढे वाटल्याचं आठवतं. बीडच्या खासदार राहिलेल्या केशरकाकू क्षीरसागर काय किंवा गोपीनाथ मुंडे काय, ज्यांच्या ज्यांच्या नावाशी ही मागणी जोडलेली होती, त्यांची नावं घराघरात निघत होती. वाटत होतं, आता दोन-चार वर्षांत गाडीची शिट्टी ऐकू येणार.

शिट्टीच्या आधी आले ते प्लॉटवाले.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर, दोन गावांच्या शिवेवर एक माळ आहे. मुरमाड, कुसळं उगवणारा. पाऊस बरा झाला तर बाजरी, नाहीतर शेळ्यांचं रान. १९९६ च्या उन्हाळ्यात त्या माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. रस्त्याच्या कडेला दोन दगडी खांब उभे राहिले आणि त्यावर रेल्वेच्या नावाचं एक 'नगर' लिहिलं गेलं. 'नियोजित स्टेशनपासून पाच मिनिटांवर' हेही खाली लिहिलेलं. कागदावर सगळं होतं. चाळीस फुटी रस्ता, शाळेची जागा, बाग, मंदिर, दुकानांची लाइन. नकाशा रंगीत होता. वडिलांनी तो घरी आणून कंदिलाच्या उजेडात आम्हाला दाखवला. लाईट गेली होती त्या दिवशी. आई बोटानं बघत होती आणि विचारत होती, "पाण्याची टाकी कुठंय ह्याच्यात?"

वडील म्हणाले, "येईल की. गाव वसलं की टाकी येतेच."

तीस बाय चाळीसचा प्लॉट, चौदा हजार रुपये. रस्त्याकडेची पहिली ओळ महाग होती, म्हणून मागच्या ओळीतला घेतला. पैसे कुठून आणायचे? आईच्या पाटल्या. तिच्या आईनं घातलेल्या, तीन तोळ्यांच्या. त्या दिवशी आई काही बोलली नाही. मोकळ्या हातात हिरव्या बांगड्या जास्तीच्या भरून आली, एवढंच मला आठवतं.

वडिलांना मिळाला एक स्टँप पेपर. त्यावर लिहून दिलेलं, सह्या झालेल्या, नोटरीचा शिक्का. "पुढच्या ओळीचं एन.ए. झालेलं आहे, मागचं प्रोसेसमध्ये आहे गुरुजी. झालं की खरेदीखत करून देतो." विकणारा ओळखीतला, दिवाळीला फराळाला येणारा. शिकलेले माझे वडील, आयुष्यभर पोरांना 'वाचून सही करा' म्हणून सांगणारे, त्यांनी विश्वास ठेवला.

पुढं काय झालं ते बीड जिल्ह्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. वर्षं गेली. भूसंपादन रखडलं, पैसा कमी पडला, निम्मा खर्च राज्यानं उचलायचा असं ठरलं तेव्हा कुठं कामाला गती आली. साडेतीनशे कोटींचं काम चार हजार आठशे कोटींच्या वर गेलं. केशरकाकू २००६ मध्ये गेल्या, मुंडे साहेब २०१४ मध्ये. दोघांनाही बीडमध्ये गाडी आलेली बघायला मिळाली नाही. माझे वडील २०१५ मध्ये गेले. त्यांनाही नाही.

न्यू आष्टीपर्यंत पहिली गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ रोजी. म्हणजे मंजुरीनंतर सत्तावीस वर्षांनी सहासष्ट किलोमीटर. आणि बीडमध्ये गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. स्टेशनांची नावंही गंमतशीर, 'न्यू लोणी', 'न्यू धानोरा', 'न्यू आष्टी'. नाव वाचून वाटावं, जुन्या आष्टीशेजारी एखादी नवी आष्टी वसली असेल. पण नवीन आहे ते स्टेशन. गाव आपलं जुनंच आहे.

आणि आमचा प्लॉट? रेल्वेचा रूळ त्या माळाच्या जवळून गेला खरा, पण स्टेशन झालं दूर दुसरीकडेच. 'नियोजित स्टेशन' हे विकणाऱ्याच्या नकाशात होतं, रेल्वेच्या नकाशात नव्हतं. दगडी खांबांपैकी एक पडला. दुसऱ्यावरची अक्षरं उन्हानं गेली. चुन्याच्या रेघा पहिल्याच पावसात धुऊन गेल्या होत्या. आज तिथं वेड्या बाभळींचं रान आहे.

वडील गेल्यावर आम्ही सातबारा काढला. मागच्या ओळीची सगळी जमीन अजून शेतीचीच होती, मूळ मालकाच्या नावावर. मालक वारलेला, वारस चौघं, त्यातल्या दोघांनी आपला वाटा तिसऱ्याच माणसाला विकलेला. आमच्या स्टँप पेपरला कोणी विचारेना. तलाठ्याकडं गेलो तर तो म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर फेर कसा घेऊ? ही खरेदी नाही." वकिलाकडं गेलो, तो म्हणाला, "दावा लावू शकता, पण इतकी वर्षं गेली, मुदतीचा प्रश्न येईल." आईच्या तीन तोळ्यांचा हिशेब तिथं संपला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे त्या माळावर कोणीच राहिलं नाही का? राहिलं. एक घर आहे. एकच.

त्या घरातल्या बाईला सगळे 'प्लाटिंगवाली मावशी' म्हणतात. १९९९ मध्ये नवऱ्याबरोबर ती तिथं आली. नवरा गवंडीकाम करायचा. त्यानं रस्त्याकडेच्या पहिल्या ओळीतला प्लॉट घेतला, स्वतःच्या हातानं दोन खोल्या बांधल्या. बेत असा, की स्टेशन झालं की चहाचं हॉटेल टाकायचं. पितळेचं मोठं पातेलं आणि दोन डझन ग्लास त्यानं आधीच आणून ठेवले होते. मावशी सांगते, "मालक सकाळी उठून पूर्वेकडं बघायचे. म्हनायचे, हितनं येईल बग गाडी. मी म्हनायची, आधी पानी येऊ द्या."

पाणी नव्हतंच. अर्धा कोस चालून एका शेतातल्या विहिरीवरून आणायचं, तेही शेतकऱ्याची मर्जी असेल तर. उन्हाळ्यात गावाला टँकर यायचा, पण माळावरच्या एका घरासाठी टँकर कोण वळवणार? लाईट नाही, शाळा नाही, शेजार नाही. रात्री कोल्हे ओरडायचे. २००५ मध्ये नवरा काविळीनं गेला. पदरात दोन मुली, आठ आणि पाच वर्षांच्या. लोक म्हणाले, आता माहेरी जा. मावशी गेली नाही. म्हणाली, "माज्या मालकानं रचलेल्या विटा हायेत. त्या टाकून कुठं जाऊ?"

माझं सामाजिक काम जे काही आहे त्याची सुरुवात मावशीच्या रेशनकार्डापासून झाली. लग्न होऊन मी बीडला आले होते, माहेरपणाला गेले की तिच्याकडं चक्कर व्हायची. नवरा गेल्यावर कार्डावर नाव बदलायचं होतं. ह्या गावच्या ग्रामपंचायतीत गेली तर म्हणाले, तुमचं घर त्या गावच्या हद्दीत. त्या गावात गेली तर म्हणाले, नाही, तुम्ही इकडच्या. घर शिवेवर ना! शिवेवरच्या देवाला दोन्ही गावं नारळ फोडतात, शिवेवरच्या बाईला मात्र कुठलंच गाव नाही. मतदार यादीत नाव नाही, घरकुलाच्या यादीत नाही, दुष्काळात कामाच्या यादीत नाही.

मी बी. ए. झालेली, अर्ज लिहिता येत होता, बोलता येत होतं, एवढंच काय ते भांडवल. आम्ही दोघी मोजणीचा नकाशा घेऊन तालुक्याला गेलो. एकदा नव्हे, नऊ-दहा वेळा. एका साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही कोण ह्यांच्या?" मी म्हटलं, "भाची." मोजणी झाली आणि घर कोणत्या गावात ते ठरलं. मग ग्रामसभेत अर्ज, मग नमुना आठला नोंद. ज्या दिवशी ग्रामसेवकानं घरपट्टीची पावती मावशीच्या नावानं फाडली, त्या दिवशी ती पावती घेऊन ती आमच्या घरी पेढे द्यायला आली. कर भरला म्हणून पेढे वाटणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती! २००८ मध्ये घरात दिवा लागला. खांबाचे पैसे भरायला तिनं चार शेळ्या विकल्या.

मावशीला हे सगळं मिळालं, कारण तिच्याकडं रजिस्टर खरेदीखत होतं. तिचा नवरा अंगठेबहाद्दर. पण त्यानं विकणाऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मला वाचता येत न्हाई. सायबाम्होरं अंगठा घेनार असशील तरच पैसे देतो." पहिल्या ओळीचं एन.ए. झालेलं होतं, त्यामुळे खरेदी रीतसर झाली, सातबाऱ्याला फेर पडला आणि तो गेल्यावर वारसानं मावशीचं नाव लागलं. आमचे गुरुजी शिकलेले, ते स्टँप पेपर घेऊन आले. आईनं हे सांगितलं तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या हातातला चहा तसाच गार झाला होता.

ती म्हणाली, "पन मावशी, तवा रेल्वे आली नव्हती. आता तर आलीय ना? आता गाव व्हनारच की."

प्रश्न रास्त आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण थोडं आजूबाजूला बघा. स्टेशन झालं म्हणजे गाव होतंच असं नाही. आपल्या मराठवाड्यात 'रोड' नावाची स्टेशनं आहेत. लातूर रोड, मानवत रोड. 'रोड' याचा अर्थ, गाव इथं नाही, इथं उतरा आणि पुढचा रस्ता धरा. लातूर रोड हे जंक्शन आहे, पण शहर वाढलं ते लातूर. आमच्याच जिल्ह्यात घाटनांदूर बघा. किती पिढ्यांपासून तिथं स्टेशन आहे. त्याच तालुक्यातल्या अंबाजोगाईला आजही रेल्वे नाही. पण वैद्यकीय महाविद्यालय कुठं झालं? अंबाजोगाईला. कॉलेजं, दवाखाने, बाजार, योगेश्वरीची यात्रा, सगळं तिथं. आजारी माणूस घाटनांदूरहून अंबाजोगाईला जातो, उलट नाही.

मग भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी ही गावं रेल्वेवर कशी मोठी झाली? तिथं रेल्वेनं नुसतं स्टेशन दिलं नाही, कामही दिलं. जंक्शन, इंजिनांची शेड, वर्कशॉप, रेल्वेचे क्वार्टर. कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेचा कारखाना होता. पगार होणारी घरं आली, त्यांच्यामागं किराणा, शिंपी, शाळा, दवाखाना आले. जिथं गाडी दोन मिनिटं थांबते आणि निघून जाते, तिथं फार तर चहाची टपरी होते. मावशीच्या नवऱ्याचा हिशेब टपरीपुरता तरी बरोबर होता. आमच्या गुरुजींचा हिशेब अख्ख्या शहराचा होता.

आणि पाणी! आईनं १९९६ मध्ये विचारलेला प्रश्न. परळीचं औष्णिक वीज केंद्र कोळशाच्या गाड्यांवर चालतं, पण २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं. दाराशी रेल्वे होती, कोळसा होता, पाणी नव्हतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. भरल्या शहराची ही गत, तर कुसळाच्या माळावर गाव कसं वसणार? आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. अर्धं गाव सहा महिने बाहेर. जिथली जुनी गावंच अशी रिकामी होतात, तिथं नव्या गावात राहायला येणार कोण?

गाव वसवणं हे सरकारलाही सोपं जात नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. नवी मुंबई उभी करायला किती वर्षं, किती पैसा आणि किती लोकांच्या जमिनी लागल्या! आधी पाण्याची पाइपलाइन, मग गटारं, मग रस्ते, मग माणसं. समृद्धी महामार्गालगतही नवनगरं वसवायची योजना जाहीर झाली होती. महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नवनगरं मात्र रस्त्याच्या वेगानं उभी राहिली नाहीत. जिथं सरकारचा असा दम लागतो, तिथं चुन्याच्या चार रेघा आणि एक कमान काय गाव वसवणार?

रेल्वे येऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. तीस वर्षं वाट पाहिलेली गाडी आहे ती, आमच्या लेकी त्या गाडीनं शिकायला जातील, आजारी माणूस अहिल्यानगरला लवकर पोचेल. बीडच्या पुढे परळीपर्यंतचा रूळही लवकर व्हावा. पण गाडी येणं वेगळं आणि आपल्या प्लॉटवर गाव येणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन मी त्या पत्रकातल्या जमिनीचा गट नंबर विचारायला गेले. पत्रकावर फोन नंबर चार होते, गट नंबर एकही नव्हता. ऑफिसातल्या पोरानं तीनदा टाळलं, चौथ्यांदा सांगितला. आम्ही ऑनलाइन सातबारा काढला. जमीन शेतीची, इतर हक्कात सोसायटीचा बोजा, मालक तिसराच. मैत्रीण बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, गळ्यातलं राहू द्या गळ्यातच."

मैत्रिणींनो, म्हणून चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. पहिली, पत्रक बघू नका, गट नंबर मागा. त्यावरून सातबारा काढा, मालक कोण आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. दुसरी, एन.ए.चा आदेश आणि मंजूर लेआऊटचा नकाशा मागा, आणि 'प्रोसेसमध्ये आहे' या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे बारके तुकडे मनाला येईल तसे विकता येत नाहीत. अलीकडे त्यात काही सवलती दिल्या गेल्या आहेत, पण त्या तुमच्या प्लॉटला लागू आहेत की नाही हे विकणाऱ्याला नव्हे, तहसीलला विचारा. मोठा लेआऊट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. तिसरी, स्टँप पेपर आणि नोटरी म्हणजे खरेदी नव्हे. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रजिस्टर होतं ते खरेदीखत, आणि त्यानंतर फेरफार झाला का हेही महिन्याभरानं जाऊन बघायचं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पैसे तुमच्या सोन्याचे असतील तर कागदावर तुमचं नाव हवं. माझ्या आईच्या पाटल्या गेल्या, पण त्या स्टँप पेपरवर तिचं नाव नव्हतं. प्लॉट मिळाला असता तरी नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. १९९२ मध्ये शासनानंही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. आज नुसती शेतजमीन नव्हे, तयार घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. तरीही गटाच्या बैठकीत मी विचारते, "किती जणींचं नाव घराच्या कागदावर आहे?" वीसजणींत दोन हात वर होतात. कधी तेवढेही नाहीत.

भाऊबीज झाल्यावर आईला घेऊन मी बीडहून गाडीत बसले. पंच्याहत्तरीला आलेली आई पहिल्यांदा आपल्या जिल्ह्याच्या रेल्वेत बसत होती. खिडकीशी बसली, पिशवीत दशम्या आणि शेंगाची चटणी. विघनवाडी गेलं, अंमळनेर गेलं. डोंगर, बोगदा नाही आला की ती निराश व्हायची आणि पूल आला की हात जोडायची. न्यू आष्टीच्या पुढं गाडी निघाली तशी ती सावरून बसली. मी म्हटलं, "आई, आता तो माळ येईल."

आला. बाभळींचं हिरवं रान, एक उभा खांब, आणि रस्त्याकडेला मावशीचं घर. आता त्याला पत्र्याची पडवी आहे, दारात दोन कडुलिंब आहेत. मावशीची थोरली एसटीत कंडक्टर आहे, धाकटी नर्स. दोघी म्हणतात आमच्याकडे चल, पण ती जात नाही. आम्ही येणार हे फोनवर कळवलं होतं, त्यामुळे मावशी अंगणात उभी राहून हात हलवत होती. गाडी तिथं थांबत नाही. तेवढ्यात दिसली तेवढीच.

आई खिडकीच्या गजाला धरून बघत राहिली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "चाळीस फुटी रस्ता कुठून जाणार होता गं?" मी बोट केलं. तिथं शेळ्या चरत होत्या.

मग म्हणाली, "तुझ्या वडलांचा जीव होता त्याच्यात. त्यांना वाटलं, पोरी शहरात शिकतील. वाईट काही वाटलं नव्हतं त्यांना."

कड्याला उतरलो आणि रिक्षा करून मावशीकडं गेलो. तिनं ते नवऱ्यानं आणलेलं पितळेचं पातेलं काढलं, त्यात आमच्यासाठी चहा केला आणि त्याच ग्लासांतून दिला. दोन डझनांतले सात उरलेत, बाकीचे फुटले. तासाभरानं उलटी गाडी गेली तेव्हा तिघी अंगणातच होतो. मावशीनं गाडीकडं बघून सांगितलं, "रोज बगते. मालकांनी सांगितलेल्या बाजूनंच येती."

घरी आल्यावर आईनं तिच्या ट्रंकेतून एक पिवळी पडलेली प्लास्टिकची पिशवी काढली. तीत तो स्टँप पेपर होता, घडीवर फाटायला आलेला. वडील गेल्यापासून तिनं तो जपून ठेवला होता. मी इतकी वर्षं म्हणत होते, टाकून दे. तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्या गटाच्या बायकांना दाखव. खरेदीखत कसं असतं ते दाखवतेसच, कसं नसतं तेही दाखव."

आता बैठकीला जाताना माझ्या पर्समध्ये दोन कागद असतात, प्लॅस्टिकमध्ये घालून. एक माझ्या वडिलांचा स्टँप पेपर, आणि दुसरी मावशीच्या खरेदीखताची झेरॉक्स, खाली अंगठा असलेली. दोन्ही एकाच माळाचे आहेत. बायका दोन्ही हातात घेऊन बघतात, एकमेकींना दाखवतात. मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, आमच्या घराचा कागद आणून दाखवू का?" मी म्हटलं, "आण की." पुढच्या बैठकीला अकराजणी कागद घेऊन आल्या.